ऊन बाहेर, उजेड आत

मागच्या मे महिन्यात भाच्याला भेटायला लातूरला गेलो होतो. पोरगं नीटची तयारी करतंय, दिवसभर अभ्यासिकेत बसून असतं. सकाळचे दहा वाजलेले, बाहेर ऊन आताच चटकत होतं, आणि पहिल्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये बावीस ट्यूब चालू होत्या. मी मोजल्या. धंद्याची सवय आहे. प्लायवूडचे खोके, एकेका खोक्यात एकेक पोरगं, एका बाजूच्या खिडक्यांवर बाहेरून क्लासचा फ्लेक्स आणि बाकीच्यांवर आतून जाड पडदे. मी पडदा जरासा सरकवला तर भाचा कुजबुजला, "मामा, नको. ऊन डोळ्यावर येतंय, पुस्तकातलं काहीच दिसत नाही."

त्याचं खरंच होतं. पडदा उघडला की ऊन, लावला की अंधार. आणि वर्षातले आठ महिने ज्या मुलखात आभाळ लख्ख असतं, तिथं भरदिवसा वीज जाळून अभ्यास.

मी पंचवीस वर्षं बीड-लातूरकडे घरांचे नकाशे काढतोय. त्यात एक गोष्ट फार उशिरा डोक्यात शिरली, आणि ती आपल्या रोजच्या बोलण्यातच होती. ऊन आणि उजेड हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. उन्हात वाळवण घालतात, उजेडात गहू निवडतात. सूर्याकडून थेट, सरळ रेषेत येतं ते ऊन. आभाळानं, ढगानं, समोरच्या भिंतीनं, अंगणातल्या फरशीनं विखरून पाठवलेला असतो तो उजेड. इमारतीत दिवसाचा प्रकाश वापरून वीज वाचवायची म्हणजे उजेड आत घ्यायचा आणि ऊन दारातच थांबवायचं. आपल्याकडच्या नव्या घरांत बहुतेक वेळा दोन्ही बंद केलेले असतात, नाहीतर दोन्ही उघडे सोडलेले असतात.

थोडं माप समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उजेडाची दोन मापं आहेत, लक्स आणि लुमेन. पावसाचं उदाहरण घ्या. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि टाकीतलं पाणी लिटरमध्ये. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तसंच एक चौरस मीटरवर एक लक्स उजेड पडला की तो एक लुमेन. लक्स म्हणजे जागेवर किती पडतोय, लुमेन म्हणजे एकूण किती जमा झाला.

मेणबत्तीपासून एक मीटरवर धरलेल्या कागदावर साधारण एक लक्स पडतो. वाचायला तीनशेच्या आसपास लागतो. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा हजारांच्या घरात असतो. मेच्या दुपारी उन्हात एक लाख. म्हणजे बाहेर गरजेच्या तीनशेपट उजेड आहे आणि आत आपण बटण शोधतोय.

आता माझी एक चूक सांगतो, कारण सगळं गणित तिच्यातच आहे.

गेवराईकडच्या एका घराचं काम होतं. वीस बाय चाळीसचा प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, मागंही घर. स्वयंपाकघर बरोबर मध्ये. घरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, बारा वर्सं झाली, दिवसा लाईट लावूनच भाकरी थापायले मी. लाईट गेली की तव्यावरची भाकर करपली का ते वासावरून कळतंय." मी हुशारी केली. स्लॅबला दोन फूट बाय दोन फुटांचं भोक ठेवलं आणि वर स्वच्छ काच बसवली. डिसेंबरात वास्तुशांत झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. एप्रिलच्या शेवटी मी सहज गेलो तर काचेवर कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर सिमेंटची रिकामी गोणी, आणि गोणीवर दोन विटा. खाली ट्यूब चालू. काकू काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तेच जास्त लागलं.

घरी येऊन हिशोब मांडला. चार चौरस फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. मेमध्ये आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून आडव्या काचेवर पूर्ण एक लाख लक्स पडतो. आत आले सदतीस हजार लुमेन. स्वयंपाकघर आठ बाय दहाचं, साडेसात चौरस मीटरच्या आत. तिथं दोनशे लक्स हवा असेल तर ओट्यावर आणि फरशीवर मिळून दीड हजार लुमेन पोचले की झालं. मी पंचवीसपट ओतले होते! आणि नुसता उजेड नव्हता. त्या काचेवर साडेतीनशे वॅटच्या आसपास उष्णता पडत होती, काच अडवेल ती थोडीच. शेगडीच्या डोक्यावर मी दुसरी शेगडी लावून दिली होती.

इथं एलईडीनं जुना हिशोब कसा बदलला तेही सांगितलं पाहिजे. जुना पिवळा बल्ब एका वॅटमागे जेमतेम बारा-पंधरा लुमेन द्यायचा, बाकी सगळी उष्णता. उन्हात उष्णतेच्या प्रत्येक वॅटमागे शंभरेक लुमेन असतात. त्यामुळे बल्बच्या काळात ऊनसुद्धा तुलनेनं थंड उजेड होता. आत घ्या, फायदाच. आजचा साधा एलईडीही वॅटमागे शंभरेक लुमेन देतो. बरोबरी झाली. आता गरजेपेक्षा जास्त ऊन आत घेतलं तर दिव्याची बचत पंखा-कूलर खातो, आणि घरात एसी असेल तर विचारूच नका. दीड हजार वॅटचा एसी एक तास चालला तर तेवढ्या विजेत नऊ वॅटचे दोन दिवे त्र्याऐंशी तास जळतात. म्हणूनच मोठी खिडकी म्हणजे वीजबचत, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठल्या दिशेची?

काकूंच्या भोकाचं पुढं काय केलं ते सांगतो. पण त्याआधी साणं.

ज्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलंय त्यांना साणं माहीत असेल. काही गावांत सवणं म्हणतात. मातीच्या जाड छपराला ठेवलेलं वीतभर भोक. पाऊस आला की वर जाऊन त्यावर पत्रा किंवा पाटी झाकायची, आणि ते काम नेहमी घरातल्या पोराचं असायचं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. आमच्या आजीकडे साण्याचा कवडसा सकाळी उतरंडीवर असायचा आणि जेवणाच्या वेळेला जात्यापाशी यायचा. घड्याळ नव्हतं असं नाही, पण आजीचा भरवसा कवडशावर.

मी हिशोब करून पाहिला. स्वयंपाकघराला दीड हजार लुमेन हवेत, काळ्या भिंती आणि धुराचं जळमट खाऊन टाकतील म्हणून तिप्पट धरू, साडेचार हजार. एक लाख लक्सच्या दुपारी त्यासाठी भोक लागतं साधारण आठ इंच बाय आठ इंच. वीतभर! कुणी गणित केलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या मोठं ठेवून भाजले असतील, लहान ठेवून ठेचकाळले असतील, आणि शेवटी वीतभरावर थांबले असतील. छपरातून येणाऱ्या उजेडाचा आणखी एक गुण आहे: पूर्ण ढगाळ दिवशी डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं. खिडकीला क्षितिजाकडचा भाग दिसतो, साण्याला माथ्यावरचा. अर्थात श्रावणात दहा हजार लक्सवर वीतभर भोक पुरत नाही, म्हणून ती घरं पावसाळ्यात अंधारी असत, तेही खरंच.

माळवदाचं कौतुक मी इथंच थांबवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि तीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि आख्ख्या मराठवाड्यानं स्लॅब आणि पत्रा धरला. बरोबरच केलं. फक्त माळवदाबरोबर साणंही गेलं, आणि त्याच्या जागी काय आणायचं हे कुणी ठरवलं नाही. स्वयंपाकघराचं तर फारच वाईट झालं. भारतीय मानकांत बाहेर आभाळाचा ८,००० लक्स उजेड धरून त्यातला किती हिस्सा आत पोचावा हे दिलेलं आहे: बैठकीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के, आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. बैठकीच्या चौपट. आपण नेमकं उलटं करतो. रस्त्याकडची मोठी खिडकी बैठकीला, आणि दिवसातले पाच तास विळी आणि विस्तवाशी काम करणारी बाई सगळ्यात आतल्या अंधारात.

तर काकूंचं भोक. स्लॅब तोच ठेवला. भोकाभोवती विटांचा दोन फुटांचा कट्टा चढवला, वरून पातळ स्लॅबची टोपी घातली, तीन बाजू बंद, आणि उत्तरेकडे तोंड करून दोन फूट बाय दीड फुटाची उभी काच. टोपी काचेपुढं चार बोटं काढलेली. आतून कट्टा पांढरा धोप. उत्तरेच्या आभाळाचा आठ-दहा हजार लक्स त्या उभ्या काचेवर धरला, तर अडीच हजार लुमेन आत शिरतात. काही कट्ट्याच्या भिंतींवर मरतात, उरलेले ओट्यावर. ऊन जवळजवळ नाहीच. (तयार स्लॅबला असं भोक मिस्त्रीच्या भरवशावर पाडू नका. सळ्या कुठं तोडायच्या, कडेला जादा कुठं टाकायच्या, हे इंजिनिअरला विचारा. आणि कट्ट्याच्या मुळाशी वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही तर पहिल्याच पावसात तुमचं नाव निघतं, हेही अनुभवाचे बोल आहेत.)

उत्तरच का? आपण विषुववृत्ताच्या वर साडेसतरा ते साडेवीस अंशांत राहतो. वर्षातले बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेची खिडकी फक्त आभाळ पाहते, त्यामुळे तिचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा राहतो. जुन्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. त्या दात्यांच्या उभ्या काचा उत्तरेकडे असत, कारण धागा तुटला तर सावली न पडता दिसायला हवा. पण उत्तरेला ऊन येतच नाही असंही नाही. मेच्या मध्यावर लातुरात आणि त्यानंतर आठवडाभरानं संभाजीनगरात दुपारी सावली पायाखाली गडप होते, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडासा आपल्या उत्तरेला असतो. दुपारी ते चार बोटांच्या टोपीवर भागतं. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन मात्र थोडं शिरतं.

दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. ती सगळ्यात शहाणी दिशा आहे, कारण तिथं सूर्य उंच असतो आणि छज्जा त्याला सहज अडवतो. चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फूट छज्जा काढा. २१ मार्चच्या सुमारास त्याची सावली खिडकीच्या पार खालपर्यंत पोचते, आणि पुढं सप्टेंबरपर्यंत खिडकीवर ऊन येत नाही. डिसेंबरात दुपारी सूर्य सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो, तेव्हा खालचे जवळपास अडीच फूट ऊन आत येतं. थंडीत ते कुणाला नको असतं?

खरा त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचा सूर्य समोर येऊन उभा राहतो, छज्जा दोन फुटांचा काढा नाहीतर चार, तो खालून घुसतो. तिथं खिडकी लहान, बाहेर लिंब किंवा जाळीची भिंत, नाहीतर बाहेरच्या बाजूनं वाळ्याचा पडदा. बाहेरच्या बाजूनं हे महत्त्वाचं. आतला पडदा डोळ्यांना वाचवतो, पण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं.

उजेड खोलीत किती आत जातो? ठोकताळा असा: खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दीड ते दोनपट खोल. सात फुटांवर लिंटल (खिडकीच्या वरची आडवी तुळई) असेल तर दहा ते चौदा फूट. म्हणजे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करणं फायद्याचं. वेरूळचं दहावं लेणं, विश्वकर्मा लेणं, पाहिलंय? दारातून येणारा उजेड फार पुढं जात नाही. पण वर सज्जावर जी मोठी चैत्य-खिडकी कोरलीय तिच्यातून तो खांबांच्या रांगांवरून थेट मागच्या स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीपर्यंत जातो. डोंगर वरून खाली कोरत आणणाऱ्या माणसांना उंच खिडकीची किंमत ठाऊक होती. आपण मात्र लिंटलच्या वर असायचे ते छोटे व्हेंटिलेटर गेल्या वीस-तीस वर्षांत काढून टाकले. धूळ येते, चिमण्या येतात, पीओपीला आडवे येतात.

आत आलेला उजेड पुढं भिंतींवर उड्या मारत जातो. चुन्याचं पांढरं छत शंभरातला ऐंशी परत पाठवतं, दुसऱ्या उडीला चौसष्ट उरतो. गडद निळी किंवा राखाडी भिंत वीस परत पाठवते, दुसऱ्या उडीला उरतो चार. हल्ली एक भिंत गडद करायची फॅशन आहे. करा, पण ती खिडकी असलेलीच भिंत करा. तिच्यावर उजेड तसाही कमी पडतो. छताला पांढऱ्याशिवाय काही लावू नका एवढं माझं गिऱ्हाइकांना हात जोडून सांगणं असतं, आणि निम्मे ऐकत नाहीत.

आता भाच्याची तक्रार. डोळ्यावर ऊन येतं, पुस्तक दिसत नाही. उजेड जास्त असूनही न दिसणं, हे कसं? देवगिरीच्या किल्ल्यावर अंधारीत शिरलेल्या कुणालाही कळेल. लख्ख उन्हातून त्या भुयारात पाऊल टाकलं की काही क्षण माणूस आंधळा होतो. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि शत्रूला तेवढा वेळ द्यायचा नाही हीच त्या वाटेची युक्ती. डोळा आजूबाजूच्या सगळ्यात उजळ गोष्टीवर स्वतःला बेतवतो. पुस्तकावर ५०० लक्स आणि शेजारी उन्हाचा ५०,००० लक्सचा पट्टा असेल तर पुस्तक डोळ्याच्या लेखी अंधारीतच आहे. म्हणून आधी पट्टा मारायचा. त्या अभ्यासिकेच्या खिडक्या पूर्व आणि उत्तरेच्या होत्या. उत्तरेचा फ्लेक्स काढला, पूर्वेला सकाळी अकरापर्यंत पांढरा पातळ पडदा ठेवला, खोके खिडकीला काटकोनात फिरवून उजेड डाव्या हाताला आणला, तर पहिल्या दोन रांगांना दिवसा ट्यूब लागू नये. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, फ्लेक्सनंच तर ॲडमिशन होतात सर.

बरं, पैसे किती वाचतात? घरात फार नाही, हे मी स्पष्टच सांगतो. दिवसा आठ तास जळणारे नऊ वॅटचे दोन दिवे वर्षाला पन्नासेक युनिट खातात. घरात उजेड हवा तो भारनियमनात भाकरी करपू नये म्हणून, पोरांच्या डोळ्यांसाठी, आणि दिवस-रात्रीचं भान शरीराला सकाळच्या उजेडानंच येतं म्हणून. पैसा आहे तो कार्यालयांत, दुकानांत, शेडमध्ये, जिथं काम दिवसाच चालतं. ३६ वॅटचे तीस पॅनल आठ तास, वर्षाला तीनशे दिवस: जवळपास २,६०० युनिट. दहा रुपयांनी धरले तरी सव्वीस हजार. यातले निम्मे सहज वाचतात, पण एक अडचण हमखास आडवी येते. सगळा हॉल एकाच बटणावर असतो, किंवा रांगा खिडकीपासून आतल्या भिंतीकडे जोडलेल्या असतात. खिडकीजवळ लख्ख आहे म्हणून तिथले दिवे बंद करायचे तर आतला कोपराही अंधारात जातो. मग कुणी बंद करत नाही. दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर जोडायच्या, खिडकीजवळच्या रांगेला वेगळं बटण. वायरमनला सुरुवातीलाच सांगितलं तर याला जादा खर्च जवळपास शून्य, आणि वर्षानुवर्षं बघतोय, सांगत कुणी नाही.

पत्र्याच्या शेडचं सोपं आहे. वाळूज-चिकलठाण्याकडच्या कारखान्यांत मधूनमधून फायबरचा पारदर्शक पत्रा टाकतात. तो दुधी घ्या, म्हणजे ऊन विखरून त्याचा उजेड होतो, आणि दर वर्षी पुसा. चार-पाच उन्हाळ्यांत पिवळा पडतोच. एकाच खोलीच्या पत्र्याच्या घराला त्याहून स्वस्त तोड ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझर या मेकॅनिकनं २००२ साली काढली: दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, पाणी, शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच, आणि पत्र्याला भोक पाडून अर्धी वर, अर्धी खाली. वरचं ऊन पाण्यात वळून खोलीभर पसरतं, चाळीस ते साठ वॅटच्या जुन्या बल्बइतकं. एका बाटलीतून ऊनही बाटलीभरच येतं. हे आपलं साणंच, पाऊस न येणारं.

दिवाळीत गेवराईला गेलो होतो. टोपी अजून गळत नाही. दुपारचे साडेबारा, ट्यूब बंद, काकू खाली पाट टाकून करंज्या भरत होत्या. "चांगलं झालं ना?" मी विचारलं. "झालं की. पण भाऊ, कोपऱ्यातली जळमटं सगळी दिसायलीत आता," त्या म्हणाल्या, "सूनबाई रोज ऐकायलीय माझं."